दादांच्या नावाने गेलेली मेल

चि. ओंकार यास सोनईहून गोरक्षमामाचा आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल. पुण्यातली तुझी मेस सुधारली असेल अशी आशा आहे, खात्री नाही. माझी साखर बरी आहे. तुझी थोरली मामी, म्हणजे आमची वहिनी, जेवते. निदान ताट घेऊन बसते. दादांना जाऊन दोन महिने होतील. हे पत्र हाताने लिहून पोस्टाने पाठवतो आहे, कारण सध्या या घरातून मेलने काही निघालं की एकशे चाळीस ठिकाणी जातं. ते बंद करून द्यावं यासाठीच लिहितो आहे.

तुला माहीत आहे, तरी ओळीने सांगतो. दादांनी निवृत्तीनंतर कालव्यावरच्या आपल्या चारीच्या पाण्याच्या पाळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि 'माझी पाळी कोणी बदलली' ही भांडणं मिटावीत म्हणून तू त्यांना ते व्हर्जन कंट्रोल बसवून दिलंस. बदल कोणी केला, केव्हा केला, का केला, सगळं नावानिशी नोंदलं जातं. ('का' हा रकाना दादा मन लावून भरत. मी नुसतं 'बदल' लिहितो.) दशक्रियेला कावळा शिवेना, तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास. कोणी म्हणालं, वहिनीला सांभाळू म्हणा. कोणी म्हणालं, म्हशीचं नाव घ्या. सव्वा तास गेला. शेवटी मी म्हणालो, दादा, पाळ्यांचं मी बघतो, आणि कावळा खाली उतरला. चारचौघांत बोलताना माणसाने आधी विचार करावा.

मग तू फोनवर सांगितलंस की प्रत्येक कमिटची, म्हणजे नोंदलेल्या बदलाची, मेल आपोआप सगळ्यांना जाऊ दे, म्हणजे लोकांचे घरी हेलपाटे होणार नाहीत. तू पाठवलेल्या ओळी मी दादांच्या कॉम्प्युटरवर जशाच्या तशा चिकटवल्या. फक्त पत्त्यांची यादी जोडायची राहिली होती. पाणीवाल्यांची यादी नऊ जणांची. मी जोडली ती सगळ्यांत वर दिसली ती, म्हणजे दशक्रियेचं कळवण्यासाठी मीच दादांच्या सगळ्या पत्त्यांवरून केलेली. त्यात कॉम्प्युटर दादांचा, त्यामुळे कमिटवर नावही त्यांचंच पडतं. तेव्हा एका मंगळवारी सकाळी दादांचे नातेवाईक, शाळेतले सहकारी आणि तीस वर्षांचे विद्यार्थी यांना कळवण्यात आलं की राधाकृष्ण यांनी बदल केला असून बजरंग यांची पाळी गुरुवारी सकाळी सहाला आहे.

बावीस जणांनी त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्यांतल्या सहा जणांनी ती बजरंगला वाहिली. बजरंग चहाच्या टपरीवर सांगत होता, "गुरुजी वर गेले तरी माझीच पाळी मागं ढकलत्यात." पाथर्डीच्या चांगुणाआत्याला सुनेने मेल वाचून दाखवली आणि आत्या पहिल्या एसटीने दशम्या घेऊन हजर झाली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "गोरख्या, त्याचा जीव पाण्यात अडकलाय. कावळ्याला काय कबूल केलं हुतं तू?" मी सांगितलं, आत्या, बदल मीच करतो, नाव तेवढं दादांचं पडतं. "मंग तर लईच वाईट," आत्या म्हणाली. "काम तू करतो अन् नाव त्याचं. तो हुता तवा उलटं हुतं." आत्या चार दिवस राहिली. तिच्या समाधानासाठी पुन्हा पान ठेवलं. कावळा लगेच आला आणि जाताना दशमीही घेऊन गेला.

मी दमलो आहे, ओंकार. काल यादी दुरुस्त करायला गेलो, तर तेवढाही बदल कमिट होऊन एकशे चाळीस जणांना गेला, आणि यादी आहे तशीच राहिली. तेव्हा येत्या रविवारी ये. सगळे पत्ते काढ, पाणीवाल्यांचे नऊ घाल, आणि दादांचं नाव काढून माझं टाक. ज्याचं काम त्याच्या नावावर असावं.

तुझा,
गोरक्षमामा

ता. क. हे पत्र वहिनीला दाखवलेलं नाही. त्या यादीत तिचाही पत्ता आहे. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती फोन उघडून बघते. मागच्या आठवड्यात चार दिवस काहीच बदल नव्हता, तर मला म्हणाली, "भाऊजी, आज काही आलं नाही?" दादा गेल्यापासून तिने आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. मी आत गेलो आणि बजरंगची पाळी एक तास मागे ढकलली. त्या दिवशी तिने अख्खी भाकरी खाल्ली. त्यानंतर ती पाळी आणखी दोनदा ढकलली आहे. (टपरीवर बजरंग बोलतो ते खोटं नाही.)

ता. क. २. तेव्हा नाव बदलू नकोस. पत्ते दहा ठेव.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं होतं, तर आज सकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला. "ते असं नुसतं 'बदल' लिहीत नव्हते, भाऊजी. कारण लिहीत जा." एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. आता बजरंगच्या पाळीचं कारण काय लिहावं, तेवढं रविवारच्या आत कळव.