जहाजाचा जास्तीचा नांगर

प्रिय ताई,

आपल्या कारखान्याला पन्नास वर्षं होताहेत, म्हणून इतिहासाची पुस्तिका छापायची आहे, आणि लिहिणार कोण, तर मी! हसू नकोस. साबणाच्या डब्या बनवणाऱ्या बाबांनी उरलेल्या प्लास्टिकचं, सुटे भाग जोडून करायचं पहिलं खेळण्यातलं विमान कसं केलं, इथपर्यंत माझं गाडं झकास चाललं. तसल्याच जोडायच्या जहाजाच्या पानावर मात्र अडलं. बाबा सगळ्यांना जे सांगत आले, ते लिहायला हात धजेना.

तुला आठवतंच, जहाजाच्या दोन बाजू जुळेचनात. मध्ये नखाएवढी फट. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून साचा किंचित मोठा कापायचा, हे मला झोपेतही पाठ होतं. तू काढलेल्या आराखड्यावरून डावी बाजू तशीच कापली. उजवीच्या आदल्या दिवशी माझं लग्न ठरलेलं, डोकं ठिकाणावर कुठलं? ती वाढ धरायलाच विसरलो. हजारभर जहाजं भंगारात गेली. आधीच दोनदा माती खाल्ली होती. आता चुकलास तर कारखान्याची पायरी चढायची नाही, असं बाबांनी बजावलेलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "आराखड्यात माझेच आकडे चुकले." आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

बाबांनी तुझ्या हातातली पट्टी-पेन्सिल काढून घेतली आणि तुला पॅकिंगला बसवलं. तिथेही तू स्वस्थ बसली नाहीस. मुलांच्या हातून सगळ्यात आधी नांगर हरवतो, म्हणून प्रत्येक खोक्यात एक जास्तीचा टाकायला लागलीस. आजही लोक त्या नांगराबद्दल पत्रं लिहितात. तू मात्र लग्न होऊन गेलीस ती पुन्हा इकडे फिरकली नाहीस. ताई, माझं काम, माझा संसार, सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर उभं आहे. तीस वर्षांत तुझे उपकार मानायचेही राहिले, याची फार लाज वाटते.

काल ते पान नव्याने लिहिलं: साचा मी चुकवला, आराखडा बिनचूक होता. आज सकाळी बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, आता काठी उगारतील. त्यांनी कपाटातून तुझा जुना आराखडा काढायला लावला आणि भिंगातून एकेक आकडा तपासत दुपारपर्यंत बसले. जेवायलाही उठले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "तिला विचार, मी आलो तर दार उघडेल का?" म्हणून हे पत्र. काय सांगू त्यांना?

तुझाच,
धांदरट