बिनपदराचा फोटो

चि. राजवर्धन यास आबांचा आशीर्वाद,

तू दुबईत फ्लॅट घेतलास, त्याच्या जोरावर मागितलेला दहा वर्षांचा व्हिसा तुझ्या आईलाबी मंजूर झाला. आज मोबाइलवर मेसेज आला. ती जाऊन महिना झाला, हे त्या हापिसाला कुणी सांगायचं?

कागद अडकतील म्हणून तू मातीला आला न्हाईस. मी काय बोललो न्हाई. आताबी बोलायचं न्हाई, म्हणून हे पत्र धाडणार न्हाई.

व्हिसाच्या फोटोसाठी तिला सांगलीला नेली व्हती. फोटोवाला म्हणाला, "काकू, डोक्यावरचा पदर काढा. कान दिसाय पायजेत." तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, तवा पदर खांद्यावर घेतला आणि लाजून हसली. तिचं केस एवढं पांढरं झाल्यात, हे मला त्या दिवशी कळलं.

तोच फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. दुसरा धड नव्हताच. भावकीतली माणसं विचारत्यात, "आवं, वैनींच्या डोक्यावर पदर का न्हाई?"

मी सांगतो, "लेकाकडं राहायला निघाली व्हती."

जिवाला जप.
आबा