जंगल फीडरचा पुजारी

१८ नोव्हेंबर २०२४

जमलं! खरंच जमलं! खांबांवर करंट मोजणाऱ्या डब्या टांगून झाल्या आणि पहिल्याच फॉल्टला माझ्या प्रोग्रामने बरोबर उत्तर दिलं – नाल्याच्या पुढे, फांदी टेकली असावी, खात्री बऱ्यापैकी. लाईनमन प्रणित गेला, फांदी छाटली आणि चहा निवायच्या आत परत! एरवी गोंडपिपरीच्या या सबस्टेशनातून निघणाऱ्या जंगल फीडरवर फॉल्ट शोधायचा म्हणजे अख्खी लाईन पायी तुडवायची, तीही वाघाच्या जंगलातून. प्रणितची बायको स्वाती तो येईपर्यंत दारातच असते. आज म्हणे तिने विचारलं, एवढ्या लवकर कसे आलात, कामावरून काढलं का?

२१ नोव्हेंबर

नियम गोळा करणं म्हणजे भांडणं लावणं. हा प्रोग्राम नुसतं हो-नाही धरत नाही. 'थोडं', 'बरंच', 'फार' असं माणसासारखं धरतो आणि त्यावरून अंदाज बांधतो – म्हणून फझी. तर मी लाईनमन लोकांना विचारत बसले, जमिनीत करंट 'थोडा' उतरतोय म्हणजे नक्की किती? प्रणितचा थोडा तो हरिदासभाऊंचा बराच. हरिदासभाऊ आमच्याकडचे सगळ्यात जुने लाईनमन, त्यांच्या मते प्रणितला भातही 'थोडा' म्हणून ताटभरच लागतो. शेवटी दोघांचंही लिहून घेतलं. फझीला चालतं – दोघंही थोडे थोडे बरोबर! घरोघरी असं चाललं असतं तर काय पाहिजे होतं.

२४ नोव्हेंबर

प्रोग्रामचं बारसं झालं. नाव पुजारी! गावातला पुजारी कसा आधी विचारतो, ताप कधीपासून, कुठे गेला होतास, आणि मग काय लागलंय ते सांगतो, तसंच हे, असं प्रणितचं म्हणणं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आपल्या आज्यानं छप्पन साली पुजारी सोडला अन् तू पगारी ठेवला का वो माधवी?" आणि स्वतःच हसत सुटले.

३० नोव्हेंबर

साहेब येऊन गेले. संक्रांतीपर्यंत मुदत. चुकीची उत्तरं जास्त निघाली तर डब्या उतरवायच्या आणि पुन्हा पायी जंगल. मला साहेबांची नाही, स्वातीची भीती वाटते. तिला काय तोंड दाखवू?

६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन आले. संध्याकाळी पुजारी पहिल्यांदा चुकला. अंधार पडल्यावर जमिनीत थोडा करंट, फाटा ते तलाव, फांदी असावी – असं त्याचं उत्तर. प्रणित निघालाच होता, पण हरिदासभाऊ म्हणाले, तिकडचं मी पाहतो. गेले, आले. काहीच नाही.

११ डिसेंबर

पुन्हा तेच उत्तर, तोच तुकडा. पुन्हा हरिदासभाऊ. पुन्हा काही नाही!

१५ डिसेंबर

परत तेच. आज प्रणितने संगणकासमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वर पुजाऱ्यालाच कोणीतरी करणी केली असं जाहीर केलं. मी हसत होते, पण संक्रांतीला किती दिवस उरले ते मोजत होते. हरिदासभाऊ तेवढे हसले नाहीत. या वयात अंधारात स्वतः जातात, पोराला जाऊ देत नाहीत. देवमाणूस!

१९ डिसेंबर

पुजारी फॉर्मात! दुसऱ्या टोकाला फुटका इन्सुलेटर अचूक सांगितला. मी खुर्चीवर चढून नाचले. खुर्ची सरकारी, मोडली असती तर महागात पडलं असतं.

२८ डिसेंबर

हरिदासभाऊ सुट्टीवर. वडशाकडे लेकीच्या गावात नाटक आहे. झाडीपट्टीत गावात नाटक म्हटलं की घरोघरी पाव्हणे, न जाणं म्हणजे सोयरिकीत खोट. मलाही चला म्हणत होते. पण पुजाऱ्याला सोडून कशी जाऊ?

३० डिसेंबर

आज झोप येणार नाही. लिहिते.

संध्याकाळी पुन्हा तोच तुकडा, तेच उत्तर. प्रणित मोटरसायकलवरून निघाला. मी हरिदासभाऊंना फोन केला, सहज, चिडवायला – आज तुमच्या तुकड्यात प्रणित गेलाय, बघू त्याला तरी फांदी दिसते का. मागे पेटीचे सूर चालले होते. ते सूर लांब गेले, भाऊ मंडपाबाहेर आले असावेत.

मग म्हणाले, "मॅडम, पयले लाईन बंद करा. अन् प्रणितले वापस बोलवा."

मी लाईन बंद केली. प्रणितला फोन लागेना. लागेना! लागला तेव्हा तो गाडी लावून गवतात शिरतच होता. तिथूनच मागे फिरवला.

भाऊंना परत फोन केला. "फांदी नोहे ते," म्हणाले. "डुकरं माराले लाईनवरून तार सोडतेत. गवतात दिसत नाई. पाय पडला का माणूस गेला." हे आधी का नाही सांगितलं, मी ओरडलेच. तर म्हणाले, "सारे आपलेच लोक हायेत, मॅडम. कोनाचं नाव घेऊ?"

म्हणजे माणसं वाचवायला केलेला माझा पुजारी प्रणितला सरळ तारेवर पाठवत होता.

३१ डिसेंबर

उजेडात जाऊन तार काढली. जंगलाच्या कडेकडेने हरभऱ्याच्या वावरांपर्यंत पसरलेली. कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही म्हणे. वनखात्याने तार नेली.

पण पुजारी जागा एकदाही चुकला नव्हता! तो करंट खराच होता, फक्त तारेचा नियमच त्याला कोणी दिला नव्हता. आज घातला – करंट थोडा, सुरू अंधार पडल्यावर, बंद पहाटे, पीक उभं, तर तार असावी. आणि त्याखाली: आधी लाईन बंद, मगच माणूस.

१४ जानेवारी २०२५

पास! डब्या राहणार! साहेब आणखी दोन फीडरला बसवा म्हणाले. स्वातीने डबाभर तिळाचे लाडू आणले, माझ्या तोंडात कोंबले आणि गळ्यात पडून रडली. मीही रडले. प्रणित म्हणाला, रडा, पण लाडू संपवून रडा. इतकी खूश मी नोकरी लागली तेव्हाही नव्हते. हरिदासभाऊंनी तीळगूळ घेतला, खाल्ला नाही. साखर वाढली असेल.

१५ जानेवारी

हरिदासभाऊ सकाळी आधी प्रणितच्या घरी गेले. स्वातीसमोर उभं राहून म्हणाले, "वावर माहं, तार माही. मी नाटकाले गेलो तवा भावानं लावली, मीच सांगतलं होतं." मग वनखात्यात हजर व्हायला निघाले. त्यांच्याकडे गाडी नव्हती. प्रणितनेच नेऊन सोडलं.