सूपभर कोंडा आणि सतरा नंबरचा फॉर्म

मु. तळेगाव (श्यामजी पंत), ता. आर्वी
श्रावण वद्य, रविवार, १२ ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप अण्णाजी यांच्या पायाशी महादेवचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा वाकत नाही आणि सध्या कागदावर खोटं उतरू द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. का, ते पुढे कळेल.) आपला दमा कसा आहे? पुलगावची हवा मानवते ना? मिलच्या भोंग्याने वहिनींची दुपारची झोप अजून मोडते का? इकडे कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली आहे, डवरून तण काढणं झालं, म्हैस आटली, तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मला बोलते आहे. पत्र लिहिण्यास तसं खास कारण काही नाही. हेडमास्तर माणसाला कामासाठीच पत्र लिहितात, एखाद्याने सहज लिहावं, एवढंच.

तर सहज सांगतो. आपली जयवंता सोळा वर्षांची झाली. आधीची दोन लेकरं गेली, तेव्हापासून तुमच्या बहिणीच्या मनाने जी धास्ती घेतली ती घेतलीच. आमचं घर शेतात, शाळा नाल्यापलीकडे. यंदा नाला मोठा आहे, पुढच्या वर्षी पाठवू, असं करता करता दहा वर्षं गेली आणि पोरगी एक दिवसही शाळेत गेली नाही. पण शिकायची थांबली का? तुमची बहीण चौथी पास. पुढची पुस्तकं तिने एस.टी.च्या कंडक्टरकडून एकेक करून मागवली. दुपारी स्वतः धडा वाचायचा, समजला नाही तर पुन्हा वाचायचा आणि चार वाजता तो लेकीला अशा थाटात शिकवायचा की जणू आईच्या पोटातूनच शिकून आली आहे. चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर मी कोळशाने काढलेली समीकरणं पाहिली आहेत, अण्णाजी. मी दोनदा मॅट्रिक नापास झालेला माणूस. (इंग्रजीत एकदा, गणितात एकदा, एकाच विषयाला दोनदा धरून राहिलो नाही.) दारात उभा राहून ऐकतो आणि चपला हातात घेऊन मागे फिरतो. देवळात गेल्यावर होत नाही तसं मला तिथे होतं.

जयवंताला मास्तरीण व्हायचं आहे. त्याला मॅट्रिकचं सर्टिफिकेट लागतं. मला ते माझ्यासाठीही हवं होतं, हे कबूल करतो. सर्टिफिकेटवर पोरीच्या नावापुढे बापाचं नाव छापतात ना! आपल्याला स्वतःच्या नावाने ते मिळालं नाही, निदान मधलं नाव म्हणून तरी बोर्डाच्या कागदावर जाऊ, असा माझा बेत होता. उत्साहाच्या भरात मी बाजारातल्या सुताराकडून काचेची चौकटही करून आणली आणि भिंतीवर लावली. सध्या तिच्यात नुसती भिंत दिसते.

मग गेलो आर्वीला, एका शाळेत. तिथल्या कारकुनाने सांगितलं की शाळेबाहेरच्या मुलांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मान्यताप्राप्त शाळेमार्फतच भरायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. मी म्हटलं, ती शाळेत गेलीच नाही. तो म्हणाला, मग सोडली कशी? मग त्याने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा काढला आणि मी दहा वर्षं गुन्हेगार असल्याचं मला सांगितलं. (पोलीस पाटील रोज माझ्याकडे चहा पितो. आता त्याच्याकडे पाहताना मला वेगळंच वाटतं.) पुढे त्याने मोठ्या मायेने दुसरे रस्ते दाखवले. मुलीला पहिलीत घाला आणि दुसऱ्या दिवशी काढा, म्हणजे सोडल्याचा दाखला तयार. नाहीतर शिवणकामाचा डिप्लोमा आहे, वर्ध्याला हिंदीच्या परीक्षा आहेत. जयवंता शेजारी उभी होती. तिने त्याच्या हातातला नियमांचा कागद मागून घेतला, तिथेच बाकावर बसून शेवटपर्यंत वाचला आणि शेवटची बारीक ओळ त्याला दाखवली. शाळेत न गेलेल्याने जन्माचा उतारा जोडून प्रतिज्ञापत्र केलं तर चालतं. कारकून चष्मा काढून तिच्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, इतकी वर्षं इथे आहे, तिथवर मी कधी वाचलंच नव्हतं.

उतारा म्हणजे कोतवालाच्या बुकातली नोंद. ती काढली. तिथे लिहिलं होतं: मुलगी, बाप चिंधू, आई धुरपता.

तुम्हाला हिच्या पाचवीच्या पूजेचा दिवस आठवत असेलच, तुम्ही इथेच होता. आधीची दोन गेलेली, म्हणून हिला सुपात घालून आमच्या शेतावर राहणाऱ्या चिंधूच्या बायकोला, धुरपता सुइणीला विकली. किंमत सूपभर कोंडा. लेकरू कोंड्याच्या मोलाचं आणि परक्याचं म्हटलं की त्याच्यावर वरच्याची नजर पडत नाही. सगळ्यांनी हसू न येऊ देता "धुरपताची पोरगी, धुरपताची पोरगी" म्हणायचं. त्याच वेळी नेमका नत्थू कोतवाल बुक घेऊन दारात. त्याने विचारलं, पोर कोणाची? आणि तिथल्या कोणीतरी सांगितलं, धुरपताची. मीही मान हलवली. आता नत्थूला जाऊन भिडलो तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "मालक, तुमच्याच घरच्यानं तं सांगतलं. सरकारच्या बुकात म्या मनचं लिवाचं का?"

मग ती नोंद दुरुस्त करायला आर्वीच्या तहसील कचेरीत वेगळं प्रतिज्ञापत्र. धुरपताने फक्त एवढं म्हणायचं होतं, की पोरगी माझी नाही. अंगठा लावायचा, संपलं. म्हातारी धुवट लुगडं नेसून आली, साहेबापुढे उभी राहिली आणि तिचा अंगठा मुठीतून बाहेरच येईना. "साहेब, सोळा वर्सं म्या तिले माई म्हनून राखली. आता भर कचेरीत माई नाई म्हनलं, अन् त्यानं आयकलं तं?" साहेबाने विचारलं, कोणी ऐकलं तर? तिने नुसतं वर पाहिलं. साहेबानेही वर पाहिलं. (वर पंखा होता, बंद.) मी चिडलो, ती माझी पोरगी आहे असं कचेरीभर ऐकू जाईल इतक्या आवाजात ओरडलो, आणि ओरडता ओरडता माझं लक्ष तुमच्या बहिणीकडे गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. जिने लेकीला ग्रहणं कशी लागतात ते कंदील आणि लिंबू घेऊन समजावलं, ती माझी बाही ओढून म्हणाली, "चूप बसा जी. बीजगणित येगळं अन् पोर येगळी."

दोन बायका ठाम, कागद कोरा, आणि फॉर्मची मुदत येत्या शनिवारी संपते. घरी आलो. जयवंताने फॉर्म मांडीवर घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, जलम कोनं देल्ला असा रकानाच नाई इथं. नाव अन् उतारा जुळला पाह्यजे, बस." म्हणजे बुकात आहे तेच नाव फॉर्मात भरायचं. जयवंता चिंधू.

मी दोन दिवस जेवलो नाही. (तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कोणी आग्रहच करत नाही.) मला चिंधूचा राग नव्हता. तो वारला त्याला पाच वर्षं झाली. स्वतःचं लेकरू त्याला झालं नाही, आणि हिला खांद्यावरून खाली ठेवणं त्याला माहीत नव्हतं. तिची पहिली पाटीसुद्धा त्यानेच आर्वीहून आणली होती, मी नव्हे. पण तरी माझं नाव ते माझं नाव. मी चौकटीकडे बोट दाखवून काहीबाही बोललो. पोरगी हळूच म्हणाली, "तुमचं नाव नोतं म्हनूनच तं मी वाचली ना, बाबा?"

अण्णाजी, मला रडू आलं. सोळा वर्षं या घरात मी स्वतःला शेताचा, बैलांचा आणि तीन माणसांचा मालक समजत होतो. खरा कारभार कोंडा देणारी एक, धडा आदल्या दुपारी वाचणारी दुसरी आणि बारीक ओळी वाचणारी तिसरी, या तिघींनी चालवला. मी उठलो, दौत आणून दिली आणि जेवायलाही बसलो.

असो. पत्र उगाच लांबलं. वहिनींना नमस्कार. दम्यावर अडुळशाचा काढा घेत जावा.

आपला
महादेव

ता.क. फॉर्म सोबत जोडला आहे, उतारा आणि शाळेत न गेल्याचं प्रतिज्ञापत्र त्याला लावलं आहे. तो तुमच्या शाळेमार्फत शनिवारच्या आत जावा. आर्वीत देता येत नाही, तिथे मी सगळ्यांदेखत ती माझी म्हणून ओरडून आलो आहे. तुम्ही कडक हेडमास्तर आहात, मला ठाऊक आहे. बापाचं नाव वाचून तुमची लाल शाई उचलली जाईल. उचलू नये.

दुसरा ता.क. उचललीच, तर आधी सोबतचा उतारा पाहावा. शेवटच्या रकान्यात "खबर देणाऱ्याचे नाव" आहे. तिथे नत्थूने स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: अण्णाजी मास्तर. नत्थू म्हणतो, बाकी कोणी सांगितलं असतं तर त्याने पुन्हा विचारलं असतं. मास्तर खोटं बोलत नाही.

तिसरा ता.क. पालकाच्या सहीच्या जागी जे वेडंवाकडं दिसेल ती खाडाखोड नाही, ती सही आहे. पोरीच्या फॉर्मवर अंगठा नको, असं धुरपता अडून बसली. जयवंताने तिला चार दुपारी शिकवलं. पाटी चिंधूने आणलेलीच घेतली. सहीतला धु जरा खाली घसरला आहे, सांभाळून घ्यावा.

शेवटचा ता.क. फॉर्म मिळाल्याची शाळेची पोच लगेच पाठवावी आणि ती फॉर्म पाठवणाऱ्याच्या नावाने करावी. म्हणजे माझ्या. बापाच्या नावासकट पूर्ण लिहावं, महादेव पुंडलिकराव, आणि वर शाळेचा गोल शिक्का नीट उमटेल असा मारावा. चौकटीचं माप वीतभर बाय दीड वीत आहे.