आतोबांच्या रक्तातलं दही

प्लोवदिव, मंगळवार

ती. आत्या,

तुझ्या हाताचा मुका. गुडघे कसे आहेत? मेंढ्या व्याल्या का? आधी मुख्य ते सांगते: आतोबांचा ताप उतरलाय आणि ते अख्ख्या वॉर्डाला वात आणताहेत. आता निवांत बसून वाच.

“तुझं दही आंबट” म्हणून तुझ्याशी भांडून ते माझ्याकडे राहायला आले, ते चौथ्या दिवशी थंडी वाजून आडवेच झाले. आमच्याच हॉस्पिटलात नेलं. अंदाजाने दिलेल्या औषधाला ताप दाद देईना. रक्तात कोणता जंतू शिरलाय ते कळल्याशिवाय नेमकं औषध देणार कसं? माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पूर्वी जंतू वाढायची दोन-दोन दिवस वाट बघावी लागे. आता आमच्या लॅबमधलं नवं यंत्र डीएनएवरून तासाभरात नाव सांगतं. (तेवढ्यात तुझी चीज भरलेली बानित्साही भाजून होत नाही.) तर यंत्राने सांगितलं: दह्याचा जंतू!

आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर कराजोवा बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी दहीच. ते कानावर पडताच आतोबा तापातही उठून बसले. “असणारच! चाळीस वर्षं बायकोच्या हातचं खातोय. अंगात रक्त कसलं, दहीच वाहतंय!” (आंबट वगैरे काही बोलले नाहीत हो.)

मला मात्र वेगळीच शंका आली. माझ्यासोबत काम करणारी नेव्हेना जंतू वाढवायच्या उबदार कपाटात लॅबसाठी दही लावते. (मस्त लागतं, मीही वाटी घेऊन उभी असते.) विरजणाचा चमचा जिथे ठेवला त्याच टेबलावर तिने आतोबांच्या रक्ताची नळी उघडली होती! पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा खरा चोर सापडला: लघवीच्या वाटेने चढलेला जंतू. (महिनाभर जळजळ होत होती, तू डॉक्टरकडे धाडशील म्हणून त्यांनी लपवली.) नेमकं औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आतोबा म्हणतात, औषध नुसतं नावाला, लढलं ते दही.

तुझी,
रुम्याना

ता. क. कराजोवा बाईंनी नेव्हेनाला फैलावर घेतलं, दह्याचा डबा फेकायला लावला. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “तुझ्या आत्याकडून थोडं विरजण मागव ना. घरी लावीन गं, इथे नाही!” तर एक बरणी पाठव.

पुन्हा ता. क. पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. काल हॉस्पिटलचं दही आतोबांनी एक चमचा खाऊन बाजूला सारलं. “हे कसलं दही? आंबटपणाच नाही याला,” म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद आहे.