सरईच्या ओट्याला लागलेली ओल

प्रिय दादा, तू असतास तर आधी तुलाच हाक मारली असती,

आज सकाळी तुझ्या ओट्याखाली वाकून एका वाशात पेचकस टोचून पाहिला. तो मुठीपर्यंत आत गेला! तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. कुम्हारीला कामावर गेलो नाही. देवापुढे दिवा लावला, तरी डोळ्यांसमोर आईच. ती पडली तर? या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा उठतं का रे?

भिलाई-तीनच्या या घरामागे पावसाळाभर चिखल असायचा. तुळशीला पाणी घालायला गेलेली आई त्यात घसरली, तेव्हा तू प्लांटमधून रजा घेऊन तुळशीपर्यंत हा फळ्यांचा ओटा बांधलास. सरईचं लाकूड, जमिनीपासून हातभर उंच, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. फट कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालास, "हवा खेळली पाहिजे. पाणी पडू दे, पण थांबू नको देऊ."

दरवर्षी जेठाच्या उन्हात तू त्याला जवसाचं तेल पाजायचास. ब्रश मात्र कधी मला दिला नाहीस. "तू डबा धर, तुह्यानं नाही होत." का रे नाही शिकवलंस? तुला काय ठाऊक होतं, असा एका दुपारी ड्यूटीवरच जाशील म्हणून!

आणि ते शेण! आई गावातल्या अंगणासारखं लाकूड सारवायला निघाली, की तुमची जुंपायची.

"आई, हे लाकूड आहे. याले शेण नको लावू, सडते."

"मले शिकवतो का? तुले आंघोळ घातली मी!"

ती हसायची, पण हात आवरायची.

तू गेल्यावर तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं पूर्ण ओटा सारवला. फटीसुद्धा लिंपल्या. "माह्या पोराची जागा आहे, पारोशी कशी ठेवू?" तिला कोण अडवणार? मग दर शुक्रवारी सारवण. पावसात ते धुऊन जाऊ नये म्हणून वर ताडपत्री. वरून इतकं जपलेलं लाकूड खालून कुजत होतं.

वंदना कितीदा म्हणाली, "अहो, आईंना सांगा." काय सांगू? तुझी पूजाच तुझ्या लेकाची आठवण खाते आहे, असं?

गणपती गेले तरी हवेतला दमटपणा हटत नाही. टॉवेल वाळत नाही, फळ्या काय वाळणार! ओल्या लाकडाला तेल लावलं तर ओल आतच कोंडते, हे तूच सांगायचास. म्हणजे कडक ऊन पडेपर्यंत काहीच करता येत नाही. नुसतं घाबरून बसायचं.

दुपारी हिंमत केली. आई मेथी निवडत होती.

"कावून रे, तोंड उतरलं तुहं?"

"आई, ओटा सडला."

वाटलं, ती रडेल. तिनं मान वर केली नाही. "मले मालूम आहे. पोळ्यापासून मधली फळी दबून राहिली. मी कडेकडेनं चालून राहिली."

इतके दिवस ही रोज त्यावर जात होती, जाणूनबुजून!

"मग सांगितलं कावून नाही?"

"तू उखडून फेकला असता. मग मी त्याच्याशी बोलाले कुठं जाऊ?"

दादा, मी तेच करणार होतो. कुऱ्हाड काढून ठेवली होती.

मग शेणाचंही सांगून टाकलं. तिचं निवडणं थांबलं. हातातली काडी तशीच हातात. शेवटी म्हणाली, "तो सांगे तं मी हसत जाओ." आणि थोड्या वेळानं अगदी हळू, "रांगोळी तं चालते ना? का तिच्यानंही सडते?"

"चालते, आई. कोरडी रांगोळी चालते."

ऊन पडेस्तोवर दारातच बसते, असं तिनं कबूल केलंय. पण तिचा भरवसा काय? पहाटे मी झोपेत असताना ती तुझ्याशी बोलायला निघाली तर?

म्हणून तुला वचन देतो. तोवर रोज तिच्या आधी उठून मीच दारात बसेन. मग सडलेले वासे बदलीन. फळ्या होतील तितक्या तुझ्याच ठेवीन, त्यांना आधी वाळू देईन, मग ओट्याखाली उताणा पडून खालच्या बाजूलाही तेल पाजीन. चुकलं तर चुकलं, पुन्हा करीन. पहिल्या दिवशी मधल्या फळीवर आधी मी उभा राहीन, आणि मगच आईला हात देईन. ती तुळशीपाशी पोचेपर्यंत हात सोडणार नाही.

तुझा धाकटा,
विनू