लेक्चररच्या जागेसाठी पन्नास नारू

४ मार्च १९४५, रविवार
लेक्चररची जागा पुढच्या मार्चला सुटणार. सांगलीच्या या मेडिकल स्कूलात सहा वर्षं मी डेमॉन्स्ट्रेटर आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून सांगितलं, छापून आलेला एक तरी निबंध पाहिजे, नाहीतर जागा विसरा. त्यानंतरची जागा थेट एक्कावन्न सालात. एवढा धीर मला नाही.

विषय ठरवला : नारू. माण तालुक्यात पायातून दोऱ्यासारखा जंत निघणारे लोक गावोगाव आहेत. पन्नास केसेस जमवायच्या. आठवड्याला एक धरली तरी दोन आठवडे उरतात.

अंजनाला सांगितलं. तिने लगेच साताऱ्याला माहेरी वडिलांना कळवलं.

११ मार्च
माणमधल्या म्हसवडला जाऊन आलो. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर, चढ आला की उतारूंनी ढकलायची. डॉक्टरने मोटार ढकलणं बरं दिसत नाही. ढकलली.

तिथे लोक पायऱ्या उतरून विहिरीत गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि घागरी भरतात. नारू त्याच पाण्यातून पोटात जातो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, असं अर्धा तास समजावलं. घशाला कोरड पडली. तिथलंच पाणी दोन तांबे प्यालो. न गाळता. गाळून मागणं म्हणजे त्यांच्या पाण्याला नावं ठेवणं. लोकांचा विश्वास महत्त्वाचा.

केसेस तीन. एक बाई तपासण्याआधीच निघून गेली. म्हणजे दोन.

१८ मार्च
पाठ धरली आहे. म्हसवड रद्द. यापुढे दर रविवारी डॉ. जाफर जातील. मला ज्युनिअर. सज्जन माणूस, हुज्जत घालत नाही. पाय त्यांचे, डोकं माझं.

२ मे
निबंधाचं शीर्षक तयार. तीन शीर्षकं तयार. आभाराचं पानही पुरं झालं. त्यात डॉ. जाफर शेवटून दुसरे.

२० जून
उद्यापासून पहाटे चारला उठून लेखन.

२१ जून
गजराने अंजनाची झोपमोड होते. गजर बंद.

१४ ऑगस्ट
सासरे नानासो यांचं साताऱ्याहून पत्र. पाकिटावर माझ्या नावाखाली ‘लेक्चरर’. चूक कळवणार होतो. पण मार्चमध्ये ती चूक राहणारच नाही. पोस्टाचा खर्च वाचवला.

९ ऑक्टोबर
प्रस्तावनेला हात घातला. पहिलं वाक्य : ‘सुशिक्षित वर्गात हा रोग आढळत नाही.’ ठसठशीत वाक्य आहे. त्यावरच आज थांबलो.

१६ डिसेंबर, रविवार
डॉ. जाफर म्हसवडहून परस्पर घरी आले. वहीत पन्नास केसेस पुऱ्या. नाव, वय, विहीर, व्यवसाय, सगळं रकान्यांतून. निबंध कुठवर आला, असं विचारत होते. कागदावर कंट्रोल आहे, काय करणार, म्हटलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, सरांना सवड नसेल तर मी लिहून पाहू का? मोकळ्या मनाने परवानगी दिली. त्यांना सराव होईल, मला कच्चा माल मिळेल.

२ फेब्रुवारी १९४६
डॉ. जाफर यांचा निबंध छापून आला. त्यांच्याच नावाने. भाषा साधी, आकडे फार. आभारात माझं नाव पहिलं. मोठ्या मनाचा माणूस. अर्जात लिहिलं : ‘मार्गदर्शनाखाली प्रसिद्ध झालेले निबंध : एक.’

या जागेसाठी त्यांनीही अर्ज केला आहे. अनुभव म्हणून चांगलंच.

२४ फेब्रुवारी
मुलाखतीसाठी नवे बूट घेतले. चावतात.

८ मार्च
डाव्या घोट्यापाशी फोड. आग आग होते. अंगालाही खाज सुटली. निदान : बूट. खाजेचं निदान : उन्हाळा.

१० मार्च
बादलीत पाय सोडून बसलो. बरं वाटलं. फोड फुटला. पाहतो तर मोज्याचा पांढरा धागा जखमेत अडकलेला. ओढला. ब्रह्मांड आठवलं.

भांडी घासायला येणाऱ्या अंबूबाई म्हसवडकडच्या. कढई टाकून धावत आल्या. आवं डाक्टर, वडू नगा, तुटंल! ह्यो नारू हाय! मी हसलो. मोजा आणि नारू यांतला फरक मला कळतो, म्हटलं. शिवाय प्रस्तावनेतलं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्येला वाचता येतंय व्हय?

अडाणी लोकांशी वाद घालू नये. पट्टी बांधली.

११ मार्च
मुलाखत. टांग्याने गेलो. उजव्या पायात बूट, डाव्यात चप्पल.

कमिटीवर मुंबईहून एक डॉक्टर कर्नलसाहेब आले होते. त्यांनी नारूबद्दलच विचारलं. नशीब म्हणतात ते हे. घडाघडा बोललो. दूषित पाणी पोटात गेल्यापासून सुमारे वर्षाने घोट्याजवळ फोड येतो. आग होते, अंगाला खाज सुटते. पाय पाण्यात बुडवला की फोड फुटून पांढरा धागा दिसतो. इथे माझा आवाज जरा उतरला. कर्नलसाहेब टेबलावरून वाकून माझ्या पट्टीकडे पाहत होते.

बूट लागलाय, म्हटलं. त्यांनी पट्टी सोडायला लावली. मग सगळी कमिटी उठून आली. दोघांनी नारू आयुष्यात पाहिला नव्हता. खाली बसून पाहिला. माझ्यावर ठरल्यापेक्षा वीस मिनिटं जास्त खर्च केली. छाप पडली असणार.

१६ मार्च
ऑर्डर लागली. लेक्चरर : डॉ. जाफर.

फार वाईट वाटलं.  अंजना पाण्याला गेली तेव्हा रडलो.

संध्याकाळी डॉ. जाफर स्वतः पट्टी बदलायला आले. खुर्ची दिली तर जमिनीवरच बसले. नारू आगकाडीला गुंडाळायचा, रोज दोन बोटं, घाई केली की तुटतो. त्यांनी घाई केली नाही. त्यांचा हात हलका आहे, हे मला पूर्वी कधी दिसलं नव्हतं.

हात धुऊन त्यांनी वही काढली. केस नंबर एक्कावन्न. निबंधाला पुरवणी जोडायची आहे म्हणाले, हरकत नसेल तर. नाही म्हणवेना. नाव त्यांनी न विचारता लिहिलं. वय सांगितलं. विहीर सांगितली. पुढचा रकाना व्यवसाय. वर सगळीकडे शेती, मेंढरं, शेती. तिथे त्यांनी पेन थांबवलं.

लिहा म्हटलं, डेमॉन्स्ट्रेटर.